सर्व्हरच्या ओसरीवर हणमंतराव

लातूर शहरात गंजगोलाईच्या मागील बोळात संगप्पांचे मृत्युंजय मुद्रणालय आहे आणि त्याच मुद्रणालयाची एक शाखा नांदेड येथे वजिराबादेत आहे. या दोन ठिकाणांमध्ये एसटीने जावयाचे म्हटल्यास चार तास मोडतात. हे चार तासांचे अंतर एका जोडणीने नाहीसे करण्याचे कार्य ज्याच्या शिरावर येऊन पडले, त्या वैजनाथची ही हकीकत होय.

वैजनाथ मूळचा रेणापूरचा. वय वर्षे चौतीस. बारावीच्या परीक्षेने त्यास दोन वेळा परत पाठविल्यानंतर तो नांदेडच्या शाखेत कागद कापण्याच्या यंत्रावर लागला होता. तेथे मुद्रितशोधक हणमंतराव यांची त्याच्यावर नजर पडली. हणमंतराव म्हणजे त्या शाखेतील सर्वांत जुने गृहस्थ. खिळे जुळविण्याच्या काळापासूनचे. त्यांनी वैजनाथला ऱ्हस्व-दीर्घ शिकविले, विरामचिन्हे शिकविली आणि एके दिवशी “तुझे हात कागदापेक्षा कळफलकावर जास्त चालतात,” असे सांगून संगणकाच्या खोलीत स्वतः नेऊन बसविले. पुढे वैजनाथ स्वतःच्या खटपटीने बरेच काही शिकला आणि आता दोन्ही गावांतील संगणकांची सर्व जबाबदारी त्याच्याकडे होती. तो लातूरला राहत असे. परंतु मनुष्य शिडीवरून कितीही वर चढला तरी खालून शिडी धरणाऱ्याचे हात त्यास विसरता येत नाहीत, आणि वैजनाथ तर ते विसरू इच्छितही नव्हता.

त्या वर्षी मुद्रणालयाने आपल्या भागातील बोलीचा एक शब्दकोश छापावयास घेतला होता. अकरा हजार शब्द. अक्षरजुळणी लातूरला आणि मुद्रितशोधन नांदेडला, अशी व्यवस्था होती. कारण हणमंतरावांना एकाहत्तराव्या वर्षी नांदेड सोडून लातूरला येणे शक्य नव्हते, आणि औताच्या कोणत्या भागास उमरीकडे काय म्हणतात व उदगीरकडे काय म्हणतात हे त्यांच्याखेरीज कोणास छातीठोकपणे सांगता येत नव्हते.

आरंभी फाइली पेनड्राइव्हमध्ये घालून एसटीच्या चालकाच्या हाती पाठवीत असत. तो पेनड्राइव्ह सुपारीच्या पुडीएवढ्या कागदात गुंडाळलेला असे. लवकरच एकाच अक्षराच्या तीन फाइली झाल्या. एकीचे नाव ‘अंतिम’, दुसरीचे ‘अंतिम-खरे’ आणि तिसरीचे ‘अंतिम-खरे-आता-हात-लावू-नये’. आणि व्हावयाचे तेच झाले. लातूरला भलत्याच फाइलीवरून ‘न’ हे अक्षर छापले गेले व हणमंतरावांनी केलेल्या दोनशे चौदा दुरुस्त्या वाऱ्यावर गेल्या. हणमंतराव त्या दिवशी रागावले नाहीत. त्यांनी केवळ फोनवर विचारले, “मी दोनशे चौदा येळा चष्मा पुसला, ते कुठं छापलंय?”

तेव्हा वैजनाथने निश्चय केला की फाइल एकच असावी, ती लातूरच्या सर्व्हरमध्ये असावी आणि दोन्ही गावांनी आपापल्या संगणकावरून तीच उघडावी.

हा सर्व्हर म्हणजे युनिक्सच्या वळणाच्या प्रणालीवर चालणारी एक जुनी काळी पेटी होती. तिला भंगारात देण्याचा विचार संगप्पांच्या मनात दोन वर्षांपासून घोळत होता. तो एका शब्दाने कायमचा मावळला.

“काय नाव म्हणलास?” संगप्पांनी विचारले.

“सांबा, अप्पा.”

“सांब?”

“सांबा. नांदेडच्या संगणकाला विंडोजची भाषा येते, आपल्या सर्व्हरला युनिक्सची. एकाचं एकाला कळत न्हाई. मधी दुभाष्या पाहिजे. त्या दुभाष्याचं नाव सांबा.”

संगप्पा मूळचे उदगीरचे, शिवभक्त घराण्यातील. त्यांनी तत्काळ विभूतीच्या डबीत तीन बोटे बुडविली आणि त्या काळ्या पेटीच्या कपाळी तीन पट्टे ओढले. “सांबसदाशिवाचं नाव घेतलेली मशीन हाय ही! हिला भंगारात घाला म्हणणारा कोण हाय, मला बघू द्या.”

“तुम्हीच होता,” त्यांच्या पत्नी उमादेवी आतून म्हणाल्या.

त्या दिवसापासून उमादेवी रोज सकाळी पेटीवर एक बेलाचे पान ठेवू लागल्या, आणि ते पान पंख्याच्या जाळीत ओढले जाऊ नये एवढी एक नवी दक्षता वैजनाथच्या कामात वाढली.

वैजनाथने सर्व्हरमध्ये दोन कप्पे केले. त्यांची नावे त्याने मोठ्या हौसेने ठेवली. एकाचे नाव ‘ओसरी’. तेथे कोणीही यावे, कागदपत्र ठेवावे, उचलावे. दुसऱ्याचे नाव ‘माजघर’. तेथे शब्दकोशाच्या मूळ फाइली होत्या आणि त्यांत नांदेडहून लिहिण्याची मुभा एकट्या हणमंतरावांना होती. दुभाष्याला त्याने आणखी एक आज्ञा दिली होती. दारात अनोळखी नाव आले तर त्यास हाकलून देऊ नये, पाहुणा समजून ओसरीवर बसवावे. ही आज्ञा न देताही काम भागले असते. परंतु आलेल्यास उंबऱ्यावरून परतवून लावणे वैजनाथच्या मनास पटेना.

सर्व सिद्धता झाली आणि पहिल्याच दिवशी घोडे अडले.

नांदेडच्या शाखेत ऋतुजा नावाची अक्षरजुळणी करणारी मुलगी होती. चोवीस वर्षांची, कामात चपळ. हणमंतरावांना संगणकावर वाचता उत्तम येई, परंतु इंग्रजी कळ शोधण्यास वेळ लागे. म्हणून आरंभीची नावनोंदणी ती करून देई आणि ते शेजारच्या खुर्चीवर बसून पाहत.

“ऋतुजाताई,” वैजनाथ फोनवर म्हणाला, “नावाच्या चौकटीत हणमंत लिहा. इंग्रजीत, लहान अक्षरांत. तेवढंच.”

“तेवढंच?”

“तेवढंच.”

पलीकडे कळा वाजल्या. “लिहिलं.”

“परवलीचा शब्द?”

“तोबी टाकला.”

“उघडलं का?”

“ओसरी उघडली, दादा. माजघराला हात लावला की म्हणतंय, तुम्हाला परवानगी न्हाई.”

“पुन्यांदा करा.”

तिने पुन्हा केले. सायंकाळपर्यंत नऊ वेळा केले. वैजनाथने परवलीचा शब्द बदलला. माजघराची मुभा तपासली. जोडणी तोडून पुन्हा जोडली. दुसऱ्या दिवशी त्याने सर्व्हर बंद करून चालू केला व बेलाचे पानही बदलून पाहिले. आपण लातूरहून तेच नाव लिहावे तो माजघर सताड उघडावे, आणि नांदेडहून लिहावे तो दार बंद! हणमंतरावांनी ते दोन्ही दिवस दुरुस्त्यांची यादी निराळी करून ओसरीत ठेवण्यात घालविले.

तिसऱ्या दिवशी सकाळी वैजनाथने दुभाष्याला सांगितले की आजपासून दारात येणाऱ्या प्रत्येकाची सविस्तर नोंद ठेव. मग ऋतुजाला फोन लावला आणि पुन्हा प्रयत्न करावयास सांगितले. तिने फोन मेजावर मोठ्या आवाजात ठेवला. तिने चार वेळा प्रयत्न केला आणि तो चारही वेळा फसला. तेवढ्यात पलीकडून हणमंतरावांचा आवाज आला. ते पडद्यावर आपली ओसरीतील यादी पाहत होते.

“ऋतुजा, ही फाइल मी ठेवली न्हवं काल?”

“हाव, काका.”

“मग हिच्या मालकाच्या रकान्यात काय लिहिलंय?”

“काय न्हाई, काका. ते असतंय असंच.”

“असंच म्हंजे? अक्षरं दिसून राहिलीत की. वाच.”

“नोबडी,” ऋतुजा अगदी हळू म्हणाली.

“आन् त्याचा अर्थ?”

ऋतुजा कळफलक सारखा करू लागली.

“अगं, शब्दकोशाच्या कामावर बसलीस आन् अर्थ सांगायला लाजतीस?”

“कोणीच न्हाई. असा अर्थ हाय, काका.”

लातूरला वैजनाथ फोन कानाशी धरून हे सर्व ऐकत होता.

“वैजू, ऐकून राहिलास का?” हणमंतराव फोनकडे वळून म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होते.

“हाव, काका. त्याचं असं हाय…”

“थांब. या छापखान्यात मला एकेचाळीस वर्षं झाली. परवापासनं तुझ्या मशीननं मला ओसरीवर बसवलं. मी म्हणलं, बसू. नवी हाय, वळख न्हाई. आज खुलासा झाला की मी कोणीच न्हाई. बरं झालं. ऋतुजा, माझी पिशवी दे. आन् चष्म्याचं घर.”

“काका, निदान च्या घ्या,” ऋतुजा म्हणाली.

“कोणीच न्हाई, त्याला कशाला च्या?”

आणि खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

ही वार्ता संगप्पांस सांगावी लागली. ते नुकतेच पूजा आटोपून आले होते.

“इल्ला!” ते उद्गारले. अगदी संतापले म्हणजे त्यांच्या तोंडून कानडी नकार येई. “हणमंतराव न्हाईत तर एक पान छापायचं न्हाई. ‘प’पासून पुढचं सगळं राहिलंय. कोण बघणार? तू?”

“मी कसा बघणार, अप्पा.”

“तेच म्हणतो. तू पाऊससुद्धा ऱ्हस्व लिहितोस. आमच्या सूचनाफलकावर लिहिलेला बघितलाय मी. दोन महिने भिजून राहिलो आम्ही त्या ऱ्हस्व पावसात.”

“अप्पा, मी आणतो त्यांना.”

“आणतोस खरं. पर कोणत्या तोंडानं? त्यांना संगणकावर बसा म्हणून कोण मागं लागलं होतं?”

संगप्पांचे म्हणणे खरे होते. हणमंतराव तर कागदावरच समाधानी होते. “एकदा बसून तर बघा, काका, तुमची एक दुरुस्ती वाया जाणार न्हाई,” असे म्हणत तोच महिनाभर त्यांच्या पाठीशी लागला होता. ज्या मनुष्याने आपणास हाताला धरून संगणकाच्या खोलीत नेले, त्याच मनुष्यास आपल्या संगणकाने त्या खोलीतून उठविले, हा विचार त्यास सुईप्रमाणे टोचू लागला. कोश थांबला तर पुढेमागे छापता येईल. परंतु हणमंतराव जर असेच घरी बसले, तर आपण पुन्हा त्यांच्यासमोर उभे कसे राहणार?

तो काळ्या पेटीसमोर बसला आणि सकाळपासूनची नोंद उघडली.

नोंद इंग्रजी अक्षरांत होती, परंतु तिचा मथितार्थ इतका स्वच्छ होता की तो वाचून वैजनाथची बोटे कळफलकावर तशीच थबकली. नांदेडच्या त्या संगणकावरून आज सकाळी दारात पुढील नावे आली होती.

हणमंतराव.

हणमंतरावजी.

हणमंतरावकाका.

श्रीहणमंतराव.

आणि प्रत्येकापुढे सर्व्हरने प्रामाणिकपणे नोंदविले होते की या नावाचा मनुष्य आपणास ठाऊक नाही, सबब पाहुणा म्हणून घेतला. युनिक्सच्या दफ्तरी पाहुण्याचे नाव ‘नोबडी’ असेच असते. नुसता ‘हणमंत’ मात्र एकदाही दारात आला नव्हता.

वैजनाथ प्रथम हसला. मग हसणे आवरून त्याने ऋतुजाला फोन लावला.

“ऋतुजाताई, मी तुम्हाला काय लिहा म्हणलो होतो?”

तिकडे कळांचा आवाज थांबला.

“दादा, रागवू नका. काका शेजारी बसून राहिले होते. पडद्यावर डोळे लावून. त्यांच्या तोंडावर त्यांचं नाव असं उघडंबोडकं कसं लिहू मी? माझ्या आज्याच्या वयाचे हायत.”

“मग मला सांगायचं होतं.”

“सांगितलं असतं तर तुम्ही फोनवर वरडून म्हणला असता, नुसतं हणमंत लिहा, नुसतं हणमंत. तेबी त्यांनी ऐकलं असतं.”

“बरं, एकदा राव लावून उघडलं न्हाई. मग जी कशाला?”

“मला वाटलं, राव कमी पडत असंल.”

“आन् श्री?”

“ते शेवटचा उपाय म्हणून.”

वैजनाथने कपाळास हात लावला. मुलीने मान राखावयाचा म्हणून नाव वाढविले, आपण अनोळख्याचा मान राखावयाचा म्हणून त्यास ओसरीवर घेतले, आणि या दोन्ही सभ्यपणांच्या मध्ये सापडून म्हातारा ‘कोणीच नाही’ ठरला. यात दोष कोणास द्यावा? यंत्राने तर दोघांचेही तंतोतंत ऐकले होते.

त्याने नोंदीतील ती चार नावे एका कागदावर उतरून घेतली, लॅपटॉप पाठीस लावला आणि अकराची नांदेड गाडी पकडली. अहमदपूर येईपर्यंत तो मनात भाषण जुळवीत होता. लोह्यास ते त्याने सर्व मोडून टाकले. नांदेडला उतरला तेव्हा तीन वाजून गेले होते आणि मनात एकही वाक्य शिल्लक नव्हते.

हणमंतरावांचे घर तरोडा भागात. फाटकातून आत शिरताच समोर एक वृद्ध बाई खाटेवर बसून शेंगा फोडताना दिसल्या. त्या हणमंतरावांच्या थोरल्या भगिनी, तारामती आक्का. उमरीहून आठवडाभर राहावयास आल्या होत्या. वय ब्याऐंशी. त्यांना ऐकू कमी येई, त्यामुळे सर्व जगास ऐकू कमी येते असे धरून त्या बोलत.

“हणमंता!” त्यांनी घराकडे तोंड करून हाक दिली. पलीकडच्या घरातील कुत्रे उठून बसले. “ए हणमंता! दारात कोन आलंय बघ!”

हणमंतराव बाहेर आले. वैजनाथला पाहून त्यांनी हात जोडले.

“या पाहुणे. बसा.”

वैजनाथला जन्मात कधी त्यांनी ‘या, बसा’ म्हटले नव्हते. ‘ये रे’ आणि ‘बस की’ याच्यापुढे गोष्ट गेलीच नव्हती. हा आदर त्यास चपराकीसारखा लागला.

“काका, असं नका बोलू.”

“का? आदरानंच बोलून राहिलो. हितं ओसरीवरच बसू. तुम्हाला माजघरात कशाला तकलीफ.”

वैजनाथ खाली बसला. आणि बोलावयास काहीच न सुचल्यामुळे त्याने खिशातील कागद काढून त्यांच्या हाती दिला.

“हे काय?”

“आज सकाळी तुमच्या नावानं मशीनच्या दारात कोण कोण आलं, त्याची यादी.”

हणमंतरावांनी चष्मा चढविला. सवयीने उजव्या हाताची दोन बोटे कानामागील पेन्सिलकडे गेली. ते पहिले नाव वाचून थांबले, दुसरे वाचले, तिसरे वाचले. चौथ्यावर त्यांच्या मिशा हलल्या.

“श्रीनंतर टिंब दिलं न्हाई पोरीनं,” ते म्हणाले.

“न्हाई, काका.”

“आन् श्री आन् राव दोन्ही?”

“ती म्हणती, राव कमी पडत असंल.”

हणमंतरावांनी कागद गुडघ्यावर ठेवला. हसू त्यांच्या ओठांपर्यंत आले होते, परंतु ते त्यांनी अजून दारातच थोपवून धरले. “मग मशीनला कोणतं नाव पाहिजे होतं?”

“हणमंत.”

“नुसतं?”

“नुसतं. तिकडं नावं अशीच ठेवतेत, काका. आखूड. मीच ठेवलंय ते. यात तुमची बेइज्जती करायची म्हणून काय न्हाई. अनोळखी नाव आलं की मशीन त्याला पाहुणा धरती, आन् तिच्या वहीत पाहुण्याला नोबडी म्हणतेत. तुम्हाला ती नोबडी म्हणलीच न्हाई. तुम्ही तिच्या दारात गेलाच न्हाई अजून. दुसरेच चौघं गेले.”

“मालकांचं नाव काय ठेवलंस?”

“संगप्पा.”

“बघ! त्यांना अप्पा लावलंस!”

“मी न्हाई लावलं, काका! त्यांच्या नावातच हाय ते!”

“हां,” हणमंतराव म्हणाले. “त्यांच्याकडं बारशालाच लावून देतेत. आपल्याला कमवावं लागतंय.”

या वाक्याला दोघेही हसले असते, परंतु आक्का मध्येच ओरडल्या, “काय म्हनून राहिलाय त्यो?”

हणमंतराव त्यांच्या कानाशी वाकून ओरडले, “लातूरची मशीन मला नुसतं हणमंत म्हणती, आक्का!”

“मंग काय म्हनावं तिनं?”

“हणमंतराव म्हणावं की!”

“का? तुझं नावच हणमंत हाय. बारशाला मी होते, तू नव्हतास शुद्धीवर. राव मागनं लागला, नोकरी लागल्यावर.” आणि त्यांनी एक शेंग फोडून दाणे वैजनाथच्या हातावर ठेवले. “खा रे तू. बसनं आलास न्हवं? याचं लहानपनापासनं असंच हाय. जेवताना ताट सरकवून उठायचा, आन् मंग अंधार पडला की चुलीपाशी येऊन उभा राहायचा.”

“आक्का!” हणमंतराव म्हणाले.

“खोटं हाय का?”

वैजनाथने दाणे तोंडात टाकले आणि दृष्टी जमिनीवर ठेवली. हसणे हा त्या क्षणी मोठाच अविनय ठरला असता.

मग त्याने सांगितले, “काका, मी लातूरच्या मशीनमधलं नावच बदलतो. आतबी हणमंतराव करतो. अर्ध्या तासाचं काम हाय.”

हणमंतरावांनी यादीचा कागद पुन्हा एकदा वाचला. आक्कांच्या हातून एकेक शेंग फुटत होती.

“न्हाई,” ते शेवटी म्हणाले. “वैजू, मला नुसतं हणमंत म्हणणारी ही एकच बाई उरली या जगात. बाकी सगळ्यांनी राव लावून लावून मला एवढं उंच बसवलं की तिथं बोलायलाबी कोणी येत न्हाई. आता ही दुसरी एक निघाली म्हण, लातूरला. राहू दे तिला तसंच. आत हणमंतच असू दे.” त्यांनी कागदावर बोट ठेवले. “पर त्या पोरीला दारावर राव म्हणायचं असंल तर तिचंबी मन मोडू नको. तिनं राव म्हणावं आन् मशीननं हणमंत समजावं. असं जमल का?”

वैजनाथने मान वर केली. त्याच्या मुखावर असा आनंद उमटला की हणमंतराव संशयाने त्याच्याकडे पाहू लागले.

“काका, सांबाकडं याच्यासाठीच एक वही असती. बाहेरचं नाव एकीकडं आन् आतलं नाव एकीकडं. एका ओळीचं काम हाय!”

“मग दोन दिवस काय करून राहिला होतास?”

“ती वही लागंल असं वाटलंच न्हाई मला.”

त्याने तेथेच खाटेच्या पायाशी लॅपटॉप उघडला, लातूरच्या पेटीशी जोडणी केली आणि ती ओळ लिहिली. एका बाजूस हणमंत, आणि दुसऱ्या बाजूस हणमंतराव, हणमंतरावजी, हणमंतरावकाका व श्रीहणमंतराव असे चौघेही. उद्या ऋतुजाच्या आदरात आणखी भर पडल्यास काय, याचा विचार करून त्याने ‘हणमंतरावसाहेब’ही घालून ठेवले. ओळीच्या वर खुणेसाठी मराठीत एक टीप लिहिली.

हणमंतराव खांद्यावरून वाकून पाहत होते. “नावावर टिंब कशाला दिलंस?”

“कुठं?”

“हे बघ. ‘नांव’. किती वर्षं झाली ते टिंब जाऊन. काढ.”

वैजनाथने ते टिंब अत्यंत समाधानाने काढले. आतापर्यंत ‘या पाहुणे’ होते, त्याचे पुन्हा ‘काढ’ झाले होते.

“चल,” हणमंतराव उठत म्हणाले. “पिशवी घेतो. आक्का, मी छापखान्यात जाऊन येतो!”

“सकाळी तर आलास न्हवं राजीनामा देऊन?”

“तोंडी होता!”

साडेचारच्या सुमारास ते दोघे रिक्षाने वजिराबादेत पोहोचले. ऋतुजा दारातच उभी होती. तिने हणमंतरावांच्या पायांस हात लावला व एक शब्द न बोलता संगणक बंद करून पुन्हा चालू केला. जुनी ओळख पुसली जावी म्हणून तसे करणे आवश्यक होते. नावाची चौकट आली. तिने वैजनाथकडे पाहिले, मग हणमंतरावांकडे.

“काय लिहू, काका?”

“तुझ्या मनाला येईल ते लिही,” हणमंतराव म्हणाले. “फक्त श्री लिहिलंस तर टिंब दे.”

तिने ‘हणमंतराव’ लिहिले. ओसरी आली. तिने माजघरावर टिचकी मारली, आणि माजघर उघडले. कोशाची राहिलेली अक्षरे ओळीने उभी होती. ‘प’ पहिल्या क्रमांकावर होता.

ऋतुजाने टाळी वाजविली. हणमंतरावांनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा पुसला आणि फाइल उघडली. त्यांच्या तोंडून आनंदाचा एखादा उद्गार निघेल, या आशेने वैजनाथ शेजारी उभा राहिला.

“हे कुणी जुळवलंय?” हणमंतराव गरजले. “पेंडीला पेडी केलंय! आन् ही पाभर बघ, पेरायची पाभर! हिचा अर्थ काय दिलाय, ‘शेतीचे एक साधन’! अरे, शेतीचं एक साधन तर बैलबी हाय! वैजू, लाव लातूरला फोन!”

वैजनाथने फोन लावला. तो संगप्पांनी पहिल्याच घंटीस उचलला. दिवसभर तो त्यांच्या मांडीवरच असावा.

“काय करलालेत हणमंतराव?” त्यांनी चिंतातुर स्वरात विचारले.

“रागवून राहिलेत, अप्पा. लई रागवून राहिलेत. पहिल्याच पानात अकरा चुका काढल्या. जुळवणाऱ्याला फोनवर द्या म्हणतेत.”

पलीकडे संगप्पांनी मोठ्या आवाजात आत हाक मारली, “उमा! अगं, बसले ते कामाला!” आणि जुळवणाऱ्यास बोलावण्यासाठी ते स्वतः उठले.